माघातल्या पुनवेचा ढोल

भूम
९ नोव्हेंबर २०२५

आक्का, तुझ्या बिरूचा नमस्कार.

पत्र बघून दचकू नको, कुणी मेलेलं नाही. फोन असताना हे काय नवीन, असं म्हणशील. अगं, तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे चावडीवर उभं राहून बोलल्यासारखं. तुझा कुमार फोन स्पीकरवर टाकून मधोमध ठेवतो. माझा सगळा जन्म बिघडलेल्या पाण्याच्या मोटारींचा आवाज ऐकण्यात गेला. मी नुसतं 'तब्येत' म्हटलं की तिकडं भांडी घासायची थांबतात, टीव्ही बारीक होतो आणि तुझी सून श्वास धरते. ते मला भूममध्ये ऐकू येतं. म्हणून हे पत्र सिदूच्या हाती देतोय. तो परांड्याच्या एसटीवर ड्रायव्हर आहे, आपलाच माणूस. तू सकाळी दुधाची किटली घेऊन फाट्यावर येतेस तेव्हा तुझ्या हातात देईल. उत्तर त्याच्याकडंच दे. सातवीपर्यंत शिकलीस ती आता कामाला येऊ दे.

माझ्या छातीत काहीतरी बिघडलंय. मधेच धडधड सुटते, ठोका कुठं पडतोय ते कळत नाही, डोळ्यापुढं अंधार येतो. दोनदा तर आडवाच झालो. एकदा बाजारात, मागून टेम्पोवाल्यानं हॉर्न दाबला तेव्हा. एकदा दुकानात, शेजारच्यानं ग्राइंडर चालू केला तेव्हा. लोकांनी कांदा हुंगवला, पाणी मारलं, उठलो. भूमला ईसीजीची पट्टी काढली, चांगली. धाराशिवला काढली, चांगली. छातीला वायरी चिकटवून एक दिवस हिंडलो, त्यातही काही नाही. गिऱ्हाईक मोटार आणतं, म्हणतं घरी खडखड करते, आणि माझ्या बाकावर ठेवली की ती गुपचूप चालते, तसं माझं झालंय. आता सगळे म्हणतात, टेन्शन आहे. इरम्मासुद्धा म्हणते. बायकोच म्हणाली की माणूस खोटा पडतो बघ.

सोलापूरच्या डॉक्टरीणबाई तेवढ्या टेन्शन म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, कातड्याखाली एक बारकं यंत्र बसवू. ते दिवसरात्र ठोके टिपत राहील. बिघाड येईल तेव्हा सापडेल. मी हो म्हणून आलोय. पण आक्का, तुला खोटं कशाला सांगू, रात्री डोळा मिटायची भीती वाटते. डोळा मिटला आणि ते सुटलं, तर उठवणार कोण?

बाईंनी विचारलं, घरात कुणाला असा त्रास? कुणी अचानक गेलेलं? कुणी चक्कर येऊन पडणारं? मी म्हणालो, "मॅडम, आम्ही मेंढरामागं हिंडणारी माणसं. दगड खाऊन पचवतो. आमच्यात असलं कुणाला नाही." बरोबर सांगितलं ना? तुला काही आठवत असेल तर लिही.

तुझा,
बिरू


वस्ती, सोनारी
१६ नोव्हेंबर २०२५

बिरू, गजराआक्काचा आशीर्वाद.

सिदूनं चारचौघींत चिठ्ठी दिली. गवळणी हसाय लागल्या, म्हाताऱ्या वयात कुणाची चिठ्ठी आली गं म्हून. म्या म्हटलं, भावाची हाय, तुमच्यावाणी दिराची न्हाय.

तू लई जीव जाळून घेतूस. ल्हानपणापासनंच तसा. मेंढरू खोकलं तरी तू रडायचास. सोबत बिरोबाचा भंडारा धाडलाय, रोज कपाळाला लाव. मशीन बसीव, न्हाय म्हणत न्हाय. पण भंडारा सोडू नगं.

डॉक्टरनीला बरोबर सांगितलंस. आपल्या घरात आजार कुटला? आबा गेलं ती तर देवाच्या दारात. पायरीवर कपाळ टेकलेलं, मागनं ढोलाचा पैला ठोका पडला आन देवानं जागच्या जागी उचललं. असं मरान किती जणांला येतं? ते काय आजारात धरायचं? माजं तर तुला ठावंच हाय. ढोलाकडं पाठ करून पायरीवर डोकं टेकलं, आन ठोका पडला की माज्या अंगात वारं येतं. आधी छातीत पाखरू फडफडतंय, मग म्या मी ऱ्हात न्हाय. उठले की माणसं पाया पडतेत, इचारतेत, म्या सांगते. अर्ध्या तालुक्याची माणसं येतेत बिरू. नवरा गेल्यावर मला कुत्रं इचारत नव्हतं, ती याच वाऱ्यानं उभी ऱ्हायले.

आता एक गोड बातमी. कुमारची करिश्मा. गेल्या अवसंला बापानं ढोलावर पैला ठोका टाकला आन पोरगी माज्या मागं हुबी हुती ती धाडदिशी पडली. वारं आलं तिला! माणिकप्पा पुजारी म्हणलं, गजराबाई, तुमच्या मागारी देवाचं झाड तयार झालं, देव आता हिच्या अंगात येनार. पोरीचं व्हट जरासं निळं झालं हुतं आन लवकर सुदीवर आली न्हाय, पर देवाचंच त्ये. माघातल्या पुनवेला जत्रंत तिला पायरीवर बसवायचं ठरलंय, माज्या जागी. हिरवं लुगडं कुमारच्या मामाच्या घरचं पायजे. तू आन इरम्मा या.

गजरा


भूम
७ डिसेंबर २०२५

आक्का, नमस्कार.

बसवलं गं एकदाचं. तू देवाला हात जोडून बसली असशील म्हणून सगळं सांगतो. डाव्या बाजूला, छातीच्या हाडाशेजारी, सुई टोचून तेवढाच भाग बधिर केला. मग बारीक चीर दिली आणि करंगळीच्या पेराएवढी एक पट्टी कातड्याखाली सरकवली. मी जागाच होतो. ओढल्यासारखं झालं, दुखलं नाही. चहा निवायच्या आत मोकळं केलं. बोटानं चाचपलं की लागते, लसणीच्या पाकळीसारखी.

ते यंत्र इलाज करत नाही, हे बाईंनी मला तीनदा बजावलं. नुसतं टिपतं. उशाशी एक डबी दिली आहे, ती रात्री टिपलेलं सोलापूरला पाठवते. आणि एक बटण दिलंय. धडधड सुटली की मी ते दाबायचं. वेल्डिंगपासून लांब राहा म्हणाल्या. म्हणजे अर्धा धंदा गेला. दुकानात पोरं वेल्डिंग करतात आणि मी रस्त्याच्या पलीकडं लिंबाखाली खुर्ची टाकून बसतो, मुंजा बसल्यासारखा.

गंमत अशी की यंत्र बसवल्यापासून धडधड आलीच नाही. आता मला वेगळीच भीती. हे असंच गप राहिलं तर लोक म्हणणार, बघा, टेन्शनच होतं. म्हणून मी रोज वाट बघतो. आक्का, माणूस आपल्या मरणाच्या बिघाडाची वाट बघत बसतो, असं कधी ऐकलंस? आलं तर मेलो, नाही आलं तर खोटा. इरम्माला हे बोलता येत नाही. ती रात्री माझ्या नाकापुढं हात धरून बघते, मी झोपल्याचं सोंग घेतो.

तू ते पाखरू लिहिलंस ना, ते माझ्या डोक्यातून जाईना. मी बाईंना सांगितलं होतं, मोटार अडखळल्यासारखं होतं म्हणून. पण आक्का, तुझाच शब्द बरोबर आहे. पाखरूच. माझ्याही छातीत ते तसंच फडफडतं. देव मला कधी बोलवत नाही आणि पाखरू मात्र तुझ्याचसारखं, हे कसं?

करिश्माचं कळलं. लुगडं आणू. पण पोरगी आठवीला आहे, शाळा बुडवू नका.

बिरू


वस्ती, सोनारी
२१ डिसेंबर २०२५

बिरू,

ही चिठ्ठी घरात कुणाला ठावं न्हाय. किटलीच्या झाकनाखाली घालून आणलीय.

करिश्मा पुन्यांदा पडली. शाळेत. वर्गात गुमान लिवत हुती आन घंटा झाली, तशी बाकावरनं खाली. मास्तर घाबरलं, गाडीवर घालून घरी आणलं. म्या तिची छाती हातानं दाबून बघितली. पाखरू हुतं.

कुमार म्हणला, आये, देव आता पोरीला घरीदारी सोडत न्हाय, लई मोठं झाड हुनार ही. सून रडली आन मग हसली. माणिकप्पा नारळ घेऊन आलं.

म्या कुणाला बोलले न्हाय. तुला बोलते. शाळंच्या घंटंला देव कसा येईल रं? देव ढोलाला येतो. घंटंला का येईल?

ही चिठ्ठी फाडून टाक.

गजरा


भूम
४ जानेवारी २०२६

आक्का,

हे पत्र दोनदा वाच. फाट्यावर वाचू नको, घरी वाचू नको. गोठ्यात बसून वाच.

यंत्रानं पकडलं. गल्लीत वरात होती. मी ओट्यावर बसलेलो आणि मागं कुणीतरी फटाक्याचा बार उडवला. पाखरू सुटलं. बटण खिशातच राहिलं, मी पडलो. यंत्रानं आपलं आपण टिपलं. सकाळी सोलापूरहून फोन, आत्ताच्या आत्ता या.

बाईंनी मला पडद्यावर दाखवलं. आधी नीट रांगेत ठोके, आपल्या वस्तीवरची मेंढरं चालल्यासारखे. मग सगळं विस्कटलेलं, लांडगा शिरल्यासारखं. त्या म्हणाल्या, हा जन्मापासूनचा दोष आहे, रक्तातून आलेला. एक ठोका पडला की पुढच्या ठोक्याला तयार व्हायला हृदयाला वेळ लागतो. तुम्हाला तो वेळ जास्त लागतो. पट्टीवर तो कधी दिसतो, कधी दिसत नाही. त्या वेळात ध्यानीमनी नसताना मोठा आवाज कानावर पडला, की हृदय नुसतं थरथरतं. रक्त पुढं जात नाही, माणूस पडतो. थरथर आपोआप थांबली तर उठतो.

मी विचारलं, आणि नाही थांबली तर?

त्या म्हणाल्या, तर उठत नाही.

मग त्यांनी पुन्हा विचारलं, "घरात नक्की कुणाला नाही? हे एकट्याला सहसा नसतं." आणि आक्का, मी तोंड उघडलं 'नाही' म्हणायला, आणि मला आबा दिसले. पायरीवर कपाळ टेकलेले. मागून ढोल. मग तू दिसलीस. मग घंटेला पडलेली करिश्मा. मी बाईंना म्हणालो, "मॅडम, माझे वडील अचानक गेले. माझी बहीण वर्षात चार-पाचदा पडते. बहिणीची नात आता पडायला लागली." त्यांनी लगेच कागद ओढून सगळं लिहून घेतलं. म्हणाल्या, "मागच्या वेळी का नाही सांगितलं?" काय सांगू? आम्ही ते आजारात धरतच नव्हतो. आमच्याकडं तो मान आहे.

आक्का, मी देवावर बोलत नाही. मी फक्त आवाजावर बोलतो. आपल्या रीतीत काय आहे बघ. ढोलाकडं पाठ करायची. कपाळ टेकायचं. पहिला ठोका कधी पडणार ते सांगायचं नाही. पोरीला मारायचंच म्हणून कुणी बेत केला असता तर याहून वेगळा केला नसता. तू इतक्यांदा उठलीस. आबा उठले नाहीत. पोरीचे ओठ निळे झाले होते असं तूच लिहिलंस.

पुनवेला तिला बसवू नका. उद्या तिला घेऊन निघा, तूही चल, कुमारलाही आण. मला गोळ्या चालू झाल्या आहेत, तिलाही देतील, पोरगी जगेल. मी हात जोडतो, पाय धरतो.

बिरू


वस्ती, सोनारी
११ जानेवारी २०२६

बिरू,

तुजं पत्र वाचलं. मग गोठ्यात बसून ऱ्हायले, धारा काढायचं इसरले, म्हशी वरडाय लागल्या.

तू फार शिकला न्हाईस, कुनी हात धरला न्हाय, मोटारीच्या तारा गुंडाळत मोठा झालास, त्याचा मला गर्व हाय. पर आज तू माज्या घरावर नांगर फिरवलास. माज्या अंगात येतं ते आजार? ज्या बाया माज्या पायावर डोकं ठिवून रडल्या, त्यांनी काय फिट आलेल्या बाईच्या पायावर डोकं ठिवलं? पोर न्हाय म्हून आलेलीला म्या सांगितलं, तिला पोर झालं. त्ये कुनी सांगितलं? ठोका चुकला त्यानं सांगितलं?

आन आबा? आबांचं मरान तू दवाखान्यातलं मरान करून टाकलंस रं.

आमची करिश्मा बसंल. आता पत्र धाडू नगं.

गजरा

मामा, मी कुमार. तुमचं पत्र गोठ्यातच सापडलं, ते आणि आयेचं हे उत्तर, दोन्ही वाचली. तुम्ही छातीत मशीन बसवून घेतलं, चांगलं केलं. आता देवाची वायरिंग तपासायला निघालात का? आये रात्रीपासून जेवली नाही. ढोल माझ्या हातात असतो. माझ्या लेकीच्या वाईटावर मी ठोका टाकीन, असं तुम्हाला म्हणायचंय का? ते नीट विचार करून सांगा. नाहीतर जत्रेला येऊ नका.


भूम
१८ जानेवारी २०२६

आक्का,

पत्र धाडू नको म्हणालीस, म्हणून मी स्वतः आलो होतो. तू खिडकीतून बघत होतीस, ते मला कळलं. तुझ्या किटलीची कडी वाजली.

कुमारनं उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. अंगणात माझ्यासमोर ढोल उन्हात घातला होता. मी म्हणालो, भाच्या, मार ठोका, माझ्यामागं उभा राहून मार, बघ काय होतं. तो म्हणाला, "मामा, नाटकं करू नका." त्यानं मारला नाही. मी तसाच परत आलो. येताना एसटीत पाखरू सुटलं, थोडंसं. बटण दाबलं. शेजारची बाई म्हणाली, गाडी थांबवायची बेल आहे का हो ती? हसू आलं आणि मग सोनारी फाट्यापासून भूमपर्यंत रडू थांबेना. गाडीभर माणसं बघत होती.

आता मोठं काही मागत नाही. तुझा देव तुझ्याजवळ ठेव. त्या बाईला पोर झालं ते तुझंच, मी त्यात बोलत नाही. फक्त एवढं कर. पोरीला ढोलाकडं तोंड करून बसवा. कुमारचा हात उठताना तिला दिसू दे. बाकी सगळी रीत करा, हिरवं लुगडं मी सिदूकडं देतो. तोंड तेवढं फिरवा.

रीत मोडेल म्हणशील. आक्का, ती आठवीला आहे. बीजगणित शिकतेय.

उत्तर दिलं नाहीस तरी मी रोज स्टँडवर जाऊन सिदूला विचारतोय.

बिरू


वस्ती, सोनारी
३ फेब्रुवारी २०२६

बिरू,

पुनव झाली. करिश्मा जिती हाय. हे आधी लिवते, मग बाकीचं.

तू म्हणलास तसं तोंड फिरवायचं म्या माणिकप्पाला बोलून बघितलं. ते म्हणलं, गजराबाई, देवाकडं पाठ करून देव येतो व्हय? कुमार ऐकंना. सून ऐकंना. मीच पाळलेली रीत मला कुनी मोडू दिना. आख्खी जत्रा जमलेली. पोरीला तुजं हिरवं लुगडं नेसवलं, केस मोकळं सोडलं, कपाळभर भंडारा. पायरीवर बसवलं. म्या तिच्या शेजारी. ती हळूच म्हणली, "आज्जी, माझ्या छातीत आत्ताच वळवळतंय." तिचा हात गार पडला हुता. ढोल अजून वाजला न्हवता बिरू. ती घाबरूनच फडफडाय लागली हुती.

मागं सगळं गप झालं. तुला ठावं हाय ते गप हुनं. कुमारनं हात वर उचलला आसंल. म्या इतकी वर्सं त्या गपपनात डोळं मिटून देवाची वाट बघितलीय. त्या दिवशी म्या डोळं उघडं ठिवलं.

आन म्या उठले. ढोल वाजायच्या आधी उठले. केस सोडलं, घुमाय लागले. आजवर ढोलाबिगर माज्या अंगात कधी आलं न्हाय, हे सगळ्यांला ठावं, म्हून माणसं मागं सरली. म्या वरडले, "ढोल खाली! ही पोर माज्या ढोलाची न्हाय. हिला सोलापूरला न्या. हिच्या कानावर ठोका टाकंल त्याचा मेंढरांचा वाडगा उजाड करीन. आजपासनं या पायरीवर पाठ करून कुनी बसायचं न्हाय." माणिकप्पा पायावर पडलं. बाया रडाय लागल्या. म्या घुमतच ऱ्हायले, थांबले तर कळंल म्हून.

कुमार तेवढा पाया पडला न्हाय. ढोलाचं दांडकं उचललेलं तसंच हातात. त्यानं माज्याकडं बघितलं. ल्हानपणापासनं त्यानं माजं खरं वारं बघितलंय, माज्या तोंडाचा रंग त्याला पाठ हाय. त्याला कळलं. सगळ्या जत्रंत त्या एकट्याला कळलं, ही माजी आयच हाय, देव न्हाय. त्यानं एक शबूद काढला असता तर लोकांनी मला दगडानं मारलं असतं.

त्यानं दांडकं ढोलावर आडवं ठिवलं, आवाज न करता. पोरीला उचलून घेतलं आन चालाय लागला.

काल ती दोगं सोलापूरला गेली, तू संगं हाईसच. म्या आले न्हाय.

आता घरात कुनी न्हाय म्हून इचारते. आजवर म्या देवाच्या नावानं कधी खोटं बोलले न्हाय. परवा बोलले, आन तेवढंच एक लोकांनी सगळ्यांत जास्त खरं मानलं. मग आधीचं काय हुतं रं? आज सकाळी किटली पडली, पाखरू सुटलं. आधी म्या त्याला हात जोडायचे. आज हात जोडाय गेले आन कुनाला जोडू ते कळंना. तशीच भित्तीला धरून हुबी ऱ्हायले. लई एकटं वाटलं. तुज्या त्या मशीनला इचार, माज्या अंगात आलेल्यातलं एकतरी खरं हुतं का.

गजरा


सोलापूर
६ फेब्रुवारी २०२६

आक्का,

दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहितोय. शेजारी कुमार बसलाय. तुझं पत्र सिदूनं सोलापूरच्या एसटीवाल्याकडून पोचवलं, ते त्याला दाखवलं नाही, त्यानं मागितलंही नाही.

करिश्माला तोच दोष आहे, माझ्यापेक्षा जास्त. गोळी चालू केली. एक दिवसही चुकवायची नाही, कुठल्याही तापाखोकल्याला दुसरी गोळी बाईंना विचारल्याशिवाय घ्यायची नाही. शाळेत घंटेजवळ बसवायचं नाही, मी मुख्याध्यापकांना भेटणार आहे. पुढं एखादं मोठं यंत्र लागेल का ते बघू म्हणाल्या. वाचेल का, असं कुमारनं विचारलं, तर त्या म्हणाल्या, वेळेवर आणलंत. याच्यापलीकडं त्या गेल्या नाहीत. आम्हीही विचारलं नाही.

मग त्यांनी कुमारची पट्टी काढली. आक्का, त्याच्याही अंगात आहे. लेकीला तुझ्याकडून आलं ते त्याच्यातूनच गेलं. त्याला आजवर काही झालं नाही. का झालं नाही ते मला वाटतं असं, ढोल त्याच्या हातात असायचा. ठोका कधी पडणार ते त्या एकट्याला आधी ठाऊक असायचं. हे मी त्याला सांगितलं, तेव्हापासून तो आपल्या उजव्या हाताकडं बघत बसलाय. मघाशी म्हणाला, "मामा, आबाआज्जाच्या वेळी ढोलावर कोण होतं?" मी म्हणालो, मला आठवत नाही. मला आठवतं. ते त्याचे वडील होते. तू हे त्याला कधी सांगू नको.

तू यंत्राला विचार म्हणालीस. आज बाई तपासत होत्या तेव्हा मी त्या पडद्याकडं बराच वेळ बघितलं. त्यात ठोके आहेत. त्या बाईला पोर झालं ते त्यात कुठं दिसत नाही, आणि पुनवेला तू पोर वाचवलीस तेही दिसत नाही. तेवढंच त्याला जमतं. जास्त मला कळत नाही, आक्का.

तू मात्र एकटी राहू नको. पाखरू सुटलं आणि भिंत धरलीस, पुढच्या वेळी भिंत सापडली नाही तर? रविवारी सकाळच्या एसटीनं ये. किटली सूनबाईकडं दे. बाईंनी तुझं नाव लिहून ठेवलंय. पुढच्या दारानं चढ आणि ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बस, सिदूनं जागा धरून ठेवलीय. फाट्यापासून भूमपर्यंत हॉर्नला हात लावायचा नाही, असं मी त्याला सांगितलंय. तो म्हणाला, "अण्णा, रस्त्यात मेंढरं आडवी आली तर?" मी म्हणालो, खाली उतर आणि हातानं बाजूला कर.

सिदू उतर म्हणेल तेव्हाच उतर. मी भूमच्या स्टँडवर उभा असेन, तुझ्यासमोर, दिसेन असा. हाक मारणार नाही.

बिरू